दंडाच्या फोटोतली पाटी

तुम्हाला म्हणून सांगते, पार्किंगच्या दंडाला मी एवढी कधी घाबरले नव्हते. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आत लावली होती, तरी दंडाचा मेसेज आला. तोही ह्यांच्या मोबाईलवर, कारण गाडी ह्यांच्या नावावर.

हे चिडले. “चूक नसताना भरायचा कशाला? तक्रार करायची की. फोटो हाय न्हवं का त्यात?”

“जाऊ द्या, भरून टाका,” मी म्हटलं. त्या दिवशी शिवाजी पेठेत बहिणीकडं जाते म्हणून घरातून निघाले होते आणि गेले होते छातीतली गाठ दाखवायला.

ह्यांनी फोटो मोठा केला. पट्टा बघितला. मग गाडीमागची कॅन्सरच्या दवाखान्याची पाटी वाचली. मोबाईल पालथा ठेवला.

“रिपोर्ट कधी हाय?”

“उद्या.”

“मी येतो.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रिपोर्टचं पाकीट ह्यांना फोडताच येईना, शेवटी मीच फोडलं. गाठ साधी निघाली.

दंड ह्यांनी तिथंच बाकावर बसून भरला. तक्रार करायची तर तो फोटो पुन्हा उघडावा लागला असता.