बाईसाहेबांचा खुराक

अहो, तोंड का वाकडं केलंत? घोटभरच तर प्यायलात — वास? येतो थोडा. शेळीच्या दुधाला गुलाबाचा वास कुठून यायचा, भाऊ? तुम्ही घरोघर दूध घालणारे, तुमच्या गिऱ्हाइकांना हे नाही चालायचं. विकणारी असून खरं सांगते, बघा. हिला बघायला आलेले आधीचे दोघेही असेच तोंड पुसत गेले. शिवाय हिचे नखरे — बाईसाहेबच म्हणते मी हिला — भुईमुगाचा पाला झाडून द्यावा लागतो, मातीचा कण दिसला की मान फिरवते. हरभऱ्याचं भूस कोरडं खाणार नाही, वर पेंडीचं पाणी शिंपडायचं. मक्याची धाटं बारीक चिरून द्यायची. बाकीच्या शेळ्या काहीही चघळतात हो, पण ही म्हणजे — तुमची पिशवी! पिशवीचा बंद ओढा, गिळतेय ती! — हां. तेवढं एक आवडतं तिला. हसू नका.

नाही, दूध भरपूर देते, ते कशाला नाकारू? काढणी-मळणी उरकली की शेतात लोकांना जे नको असतं ते मी उचलून आणते — शेंगांची टरफलं, कोबीचा बाहेरचा पाला — लोकांच्या टाकाऊवर हिची कास भरते. पेंड तेवढी विकतची, तीही मूठभर. काय? लसणाचा पाला? तोही देते की, ढीगभर पडलेला असतो, पण धार काढून झाल्यावर! आधी दिला तर दुधाला वास मारतो, हे शेंबडं पोरही सांगेल, मी काय आजची आहे का शेळ्या राखायला —

असे काय बघता?

बरं, दिला. आज धारेआधी दिला. तुम्ही येणार म्हणूनच दिला, त्या दोघांच्या वेळीही दिला होता. मुलगा म्हणतो, आई, शेळी वीक आणि आमच्याकडे ये, चौथ्या मजल्यावर, आयतं खा, आराम कर. पोरगं गुणी आहे हो, सूनही वाईट नाही. पण सकाळी उठून मी तिथं करू काय? पंख्याकडे बघत बसू? मागे बसमधून मांडीवर किटली धरून दूध नेलं, तर सूनबाई म्हणते, यापेक्षा पिशवीतलं बरं. शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड! ही दावणीला आहे तोवर मला इथून कोण हलवतोय? भीती वाटते हो मला त्या घराची. तिथं कुणाला माझी गरजच नाही.

काय म्हणालात? लसूण बंद केला की झालं? सांगाल त्या किमतीला घेतो?

ठेवा ते पाकीट खिशात. नाही विकायची. — आणि हे बघा, मुलाचा फोन येईल तुम्हाला, त्यानंच धाडलंय ना? त्याला सांगा, वास येतो म्हणून नाही घेतली. खोटं बोलायला नको तुम्हाला, घोट पोटात आहेच. निघा आता. दार ओढून घ्या.