सासूबाईंचा खुळखुळा

टेक्ससमधल्या आमच्या नेमबाजी मैदानावर मी निकालाच्या रांगेत बाळाला घेऊन उभी होते. सगळ्यांची पिस्तुलं रिकामी करून पेटीत बंद आहेत ना, हे मी दोनदा पाहून घेतलं होतं. जिल्हा संघात एकच जागा उरली होती. माझ्यापुढे एक आजीबाई आणि त्यांचा जावई होता.

"सासूबाई, माझं पिस्तूल साडेतीन हजार डॉलरचं आहे. एकेक भाग हातानं बसवलाय!"

"आणि माझं?"

"फिलिपिन्सचं, पाचशेचं. हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं."

"आराखडा तोच ना, हार्लन? एकोणीसशे अकराचा?"

"आराखडा तोच, पण माझ्यात केसाएवढी फट नाही."

"म्हणूनच सातव्या गोळीला अडकलं. आजच्याआधी किती गोळ्या झाडल्या होत्यास त्यातून?"

"एकही नाही. कालच तर आणलं."

"अरे, इतकं घट्ट पिस्तूल आधी पाचशे गोळ्या झाडून मोकळं करावं लागतं. माझं वाजतं, पण अडत नाही."

"निकाल तर लागू द्या!"

खिडकीतून पुकारा झाला, "वर्लीन टकर, जिल्हा संघात!"

"ऐकलंस, जावईबापू?"

"ऐकलं. अभिनंदन, सासूबाई."

"मग ही पेटी धर, मला सही करायचीय. आणि हलवू नकोस हं, तुला आवाज सहन होत नाही."