डॉक्टरीणबाईंची एटीव्ही आणि माझे दिवे

...नाही, पण मला सांगा, गाडीला चार दिवे जास्त लावले तर तो काय गुन्हा झाला? उजेडच पाडला ना मी? तुम्हाला सांगतो, आमची ही जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यांना रस्ता नाही, म्हणून तिच्याकडे ती चार जाड चाकांची एटीव्ही. हँडल मोटरसायकलचं आणि रुबाब रणगाड्याचा! आणि मी निवृत्त बातमीदार. उभा जन्म लोकांना प्रश्न विचारून भंडावलं, भल्याभल्यांना घाम फोडला... आता घरी बसून काय करू? सजवली बायकोची गाडी! पुढे चार झगझगीत दिवे, मागे दोन, मुठी गरम ठेवणाऱ्या पट्ट्या, स्पीकर, फोनचा चार्जर. चिखलातून गाडी ओढून काढणारी विंच आधीचीच होती. आणि सगळ्या वायरी थेट बॅटरीला!

हिनं चष्म्यावरून बघितलं. "तयार किती होते?"

"काय?"

"वीज. इंजिन तयार किती करतं?"

"अगं, बॅटरी नवी कोरी आहे!"

"अहो, बॅटरी ही टाकी आहे, झरा नाही. मी विचारलं, तयार किती होते?"

सुटलो, कारण तेवढ्यात फोन आला. वरच्या गोठ्याचा मालक रडकुंडीला आलेला. "बाई, गाय अडलीय हो! वासराचा एकच पाय बाहेर आलाय, दुसरा दिसेना... लवकर या!"

निघालो. सकाळचं धुकं, मी मागे, सगळं चालू! तुम्हाला सांगतो, विमानतळ चालल्यासारखे दिसत होतो. चढ असा की गाडी गोगलगायीच्या चालीनं. आणि ओढ्यापाशी पुढची चाकं रुतली. हिनं विंचची तार झाडाला अडकवली. "दिवे बंद करा."

"अगं, मग दिसणार कसं?"

दिवे तसेच चालू, आणि हिनं विंचचं बटण दाबलं. विंच कण्हली, दिवे पिवळे पडले... आणि इंजिनच गप्प! स्टार्टर दाबला तर नुसतं टक्. टक्.

झालं, मी उसळलो! "कंपनीला सोडणार नाही! पहिल्या पानावर घेतो!"

"कुणाच्या पानावर? तुम्ही निवृत्त आहात. सांगा, तयार किती होते?"

वर गाय तडफडतेय, आणि ही बाई ना ओरडली, ना रडली. माझ्या वायरी एकेक सोडवल्या आणि म्हणाली, "दोरी ओढा." जुनी गाडी, दोरी ओढूनही सुरू होते... म्हणजे माझा खांदा निखळल्यावर होते! विंचला आता दम नव्हताच. मग विंचचं काम कुणी केलं? मी! गुडघाभर चिखलात, मागून ढकलत. ती पुढे हँडलवर, "अजून जोर! बातम्यांना लावायचात तेवढा!"

पोचलो. कोपरापर्यंत हात घालून तिनं आत दुमडलेला पाय सरळ केला, आणि वासरू आलं बाहेर. जिवंत! कौतुक करायची मला सवय नाही, जन्मभर चुकाच काढल्या. पण तुम्हाला सांगतो, तेव्हा टोपी काढली मी. डोक्यावर चिखलच होता, तरी काढली.

घरी आल्यावर तेच हात वायरींना लागले. "इंजिन देतं त्यातलं बरंचसं गाडीच खाते, उरेल तेवढंच तुमच्या हौसेला. आणि सावकाश चालताना तर तयारच कमी होते. तेव्हा बॅटरीतनं जातं, आणि तुम्ही समजता फुकट मिळतंय." काढले माझे दिवे! दोनच ठेवले, कमी वीज खाणारे. प्रत्येक वायरीला बॅटरीजवळच फ्यूज, किल्ली फिरवली की सगळं बंद व्हावं म्हणून रिले, आणि व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर समोर. काटा उतरला की आधी मुठींच्या पट्ट्या बंद. विंच चालवायची तर बाकी सगळं बंद, इंजिन जोरात. स्पीकर? कपाटात.

एक प्रश्न, लोकहो! जन्मभर सगळ्यांना हजार प्रश्न विचारले, आणि हा एवढा एक सुचू नये?

आता मी मागेच बसतो. हातात टॉर्च, रुतली की ढकलायला खाली. गोठ्यागोठ्यावर ही माझी ओळख करून देते, "हे यंत्र बरं आहे, बॅटरीला काही ताण नाही. फक्त बंद करायचं बटण अजून सापडलेलं नाही."

शोधतेय ती... आणि तुम्हाला सांगतो, तिला सापडेल!