ओल्या चादरींचं वजन

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरबाई. व्यासपीठावर बसलेले संशोधन संस्थेचे संचालक. परिचारिका विभागाच्या प्रमुख. समोर बसलेले माझे धुलाई विभागातले सोबती. दाराशी उभे असलेले स्वयंपाकघरातले मित्र, या ना आत, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत, त्या आमच्या मोजपट्टीबाई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

बाईंचं खरं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे, सगळ्या पदव्यांसकट. पण आमच्या विभागात त्या नावाने हाक मारली तर कुणी मान वर करणार नाही. गळ्यात शिंप्याची टेप, हातात हुकाचा वजनकाटा, कानामागे पेन्सिल, असं हे ध्यान नऊ वर्षांपूर्वी संशोधन संस्थेतून आमच्या तळघरात उतरलं आणि तासाभरात त्यांचं बारसं झालं. हे नाव कुणी ठेवलं, ते आज सांगून टाकतो. मीच ठेवलं, धुलाई विभागाच्या मुकादमाने. आणि कौतुकाने ठेवलं नव्हतं, बाई. माफ करा.

बाईंचे शोधनिबंध किती, मानसन्मान किती, हे संचालकसाहेबांनी आत्ताच सांगितलं. त्यातलं मला निम्मं कळलं. अर्गोनॉमिक्स हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, एखाद्या साबणाचं नाव असावं. बाईंनी तो मला एका वाक्यात समजावला होता. "माणसाला कामाच्या मापाचा करायचा नाही, काम माणसाच्या मापाचं करायचं." मी म्हटलं, "बाई, बोलायला काय जातंय?"

तुम्ही वॉर्डात जाता तेव्हा पलंगावर पांढरीशुभ्र चादर दिसते. ती तिथवर येते कशी, हे कुणी कधी विचारलंय का? दिवसाला अडीच हजार चादरी. यंत्रातून ओला पिळा बाहेर येतो तो दोरखंडासारखा गुंतलेला. तो ओढायचा, खोल ट्रॉलीत टाकायचा, ट्रॉली ढकलायची, मग कमरेतून वाकून तिच्या तळातून एकेक चादर उपसायची, झटकायची, इस्त्रीच्या रुळाला लावायची, घडी घालायची. कोरड्या चादरीचं वजन सगळ्यांना ठाऊक असतं. ओल्या चादरीचं वजन फक्त आम्हा एकतीस जणांना ठाऊक होतं, आणि ते आम्ही कुणाला सांगत नव्हतो.

का सांगत नव्हतो? त्याचं उत्तर तुमच्यासमोर उभं आहे.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला एकेक कागद दिला. त्यावर माणसाची आकृती, पुढून आणि मागून. नाव लिहायचं नाही. जिथे दुखतं तिथे ठिपका द्यायचा. बाई वर चहाला गेल्या आणि मी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, "हे बघा, आज ठिपका द्याल आणि उद्या साहेब म्हणतील, याला झेपत नाही, काढा याला. सगळ्यांनी कागद कोरे द्या." मला वाटत होतं, मी माझ्या माणसांना वाचवतोय. आणखी एक गोष्ट होती, तीही सांगतो. माझ्या विभागात वर्षानुवर्षं एक तक्रार नाही, हे मी वरिष्ठांना मिशीला पीळ देऊन सांगायचो.

एकतीसच्या एकतीस कागद कोरे गेले. बाईंनी ते शांतपणे चाळले आणि मला म्हणाल्या, "एवढ्या माणसांचं नखही दुखत नाही? मग मी संस्था सोडते, मला इथेच कामाला घ्या."

आणि त्या खरंच आल्या, हो! आमचाच निळा डगला घालून ओल्या विभागात उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मी कुत्सितपणे विचारलं, "काय बाई, झेपत नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही झेपत. तुमच्या लोकांना कसं झेपतं, तेवढं सांगा."

मी हसलो. त्याच संध्याकाळी माझं हसू मावळलं.

माझी थोरली बहीण आमच्याच विभागात घड्यांच्या टेबलावर होती. आज पहिल्या रांगेत बसली आहे. ताई, खाली बघू नकोस. तिच्या घरी मी आठवड्यातून एकदा जायचोच. तिची लेक रोज आईची वेणी घालायची. वर्षभर मी ते पाहत होतो, आणि दारातून आत जाताना म्हणायचो, "लेक असावी तर अशी." त्या संध्याकाळी भाची घरात नव्हती आणि ताईचे केस मोकळे होते. मी गमतीने म्हटलं, "आज वेणी घालायला कुणी नाही वाटतं?" ताईने उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. डोळ्यांत पाणी आलं, पण हात वर गेला नाही.

मी विचारलं, "कधीपासून?"

म्हणाली, "दीड वर्ष झालं."

"मग कागदावर ठिपका का नाही दिलास?"

"तूच तर नको म्हणालास."

मंडळी, माणसाच्या थोबाडीत मारायला हात वर जावाच लागतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आत मी बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता वर तक्रार जाणार. बाईंनी माझ्या हातात कोऱ्या कागदांचा नवा गठ्ठा ठेवला. "या खेपेला तुम्हीच वाटा," म्हणाल्या. "आणि पहिला स्वतःचा भरा." मी मानेवर एक आणि कमरेवर दोन ठिपके दिले आणि तो कागद सगळ्यांसमोर भिंतीला लावला. संध्याकाळपर्यंत एकतीसपैकी चोवीस कागदांवर खांदे आणि कमरा काळ्या झाल्या होत्या.

मग बैठक झाली. तेव्हाचे व्यवस्थापक माणूस वाईट नव्हते, पण घाईत असायचे. म्हणाले, "कमरेचे पट्टे देऊ सगळ्यांना. आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्या जागी तरुण माणसं घेऊ." बाई उत्तर द्यायला उठणार, एवढ्यात मागून आवाज आला. ताईचा. आमची ताई घरातसुद्धा मोठ्याने बोलत नाही.

ती म्हणाली, "साहेब, बावीस वर्षांपूर्वी मी इथे आले, तेव्हा तरुणच होते."

बाईंनी मग फक्त आपली वही साहेबांपुढे सरकवली. एका पाळीत एक माणूस किती वेळा वाकतो, प्रत्येक ओढीला किती किलोचा जोर लागतो, सगळं मोजलेलं. साहेबांनी वही दोनदा वाचली आणि मंजुरी दिली.

आता तुम्हाला वाटेल, बाईंनी जादूची कांडी फिरवली. छे! पहिलंच टेबल चुकलं. बाईंनी सगळ्यांची उंची मोजली, सरासरी काढली आणि त्या मापाची टेबलं उंच करून घेतली. दहा दिवसांत बुटक्या बायकांच्या माना आखडल्या आणि उंच गडी तसेच वाकलेले. मी मनात म्हटलं, झालं, आता बाई आमच्यावर ढकलणार. बाई स्टुलावर चढल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी सरासरी उंचीच्या माणसासाठी टेबल केलं. तसा माणूस इथे कुणीच नाही." पंधरा दिवसांत खालीवर होणारी टेबलं आली. मी अनेक साहेब पाहिलेत. स्टुलावर चढून चूक कबूल करणारा एकही पाहिला नव्हता.

ट्रॉलीची कल्पना मात्र आमच्या ओल्या विभागातल्या 'पैलवान'ची. तळाला स्प्रिंग बसवायची. चादरी कमी होतील तसा तळ आपोआप वर येईल. वाकणंच नको! बाईंनी त्यांच्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख केला आहे, नावासकट. त्याने ते पान घरी काचेत लावलंय. तिथे तरी खरं नाव आहे त्याचं.

एका गोष्टीवरून मात्र मी बाईंशी कडाडून भांडलो. नव्या ट्रॉल्या त्यांनी आधी फक्त सकाळच्या पाळीला दिल्या. म्हटलं, "दुपारच्यांनी काय पाप केलंय?" त्या म्हणाल्या, "मला आणि तुम्हाला पटलं म्हणून भागत नाही. उद्या दुसरं रुग्णालय विचारेल, कशावरून? तीन महिने तुलना करू, मग दुपारच्यांनाही देऊ." दुपारच्या पाळीने त्या तीन महिन्यांत मला जे ऐकवलं, ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. पण बाईंनी शब्द पाळला, ठरलेल्या दिवशी. वर्षअखेरीस पुन्हा कागद भरले, ठिपक्यांच्या चोवीस कागदांचे नऊ झाले. त्या आकड्यांच्या जोरावर आज आणखी अकरा रुग्णालयांच्या तळघरांत आमच्या ट्रॉल्या फिरताहेत.

ताईचा खांदा पूर्ण बरा झाला नाही. हे लपवणार नाही, कारण बाईंनीही लपवलं नाही. हात आता कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही. बाई तिला एकदा म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी उशिरा आले गं." ताई म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा मी तरी कुठे सांगितलं? घ्या, चहा निवतोय." आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी टेबल लावून द्यायचं काम ताईकडे आहे. टेबल मापात बसल्याशिवाय ती कुणाला चादरीला हात लावू देत नाही. मलाही नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. आठ महिन्यांपूर्वी आमच्या ओल्या विभागात एक बाई नव्याने लागल्या. तिशीच्या, दोन मुलांची आई. गेल्या आठवड्यात पाळी सुटल्यावर त्या पिशवी घेऊन लगबगीने निघाल्या होत्या. मी विचारलं, "घाईत कुठे?" म्हणाल्या, "पोहायला शिकतेय, मुलांबरोबर." मोजपट्टीबाई, इतकी वर्षं मी त्या विभागातून माणसं घरी जाताना पाहिली आहेत. सगळी एकाच ठिकाणी जायची, अंथरुणावर. मी म्हटलं, "अहो, दिवसभर ओल्या चादरी ओढून पोहायला? दमत नाही का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "त्यात दमण्यासारखं काय आहे?"



अध्यक्षबाईंनी मला पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते मोजपट्टीबाईंनी नक्की मोजलं असेल. बोलायची संधी दिलीत, धीराने ऐकलंत, याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द तिरपा गेला असेल, तर तो पोटात घाला. बाई, सुखाने राहा. नमस्कार.