नानीबाईच्या पिंडाला कावळा

अनसिंगची बस येईना म्हणून अनुप नाल्याच्या पुलावर बसला होता. खाली नानीबाईचा दहावा चालला होता. पिंड केव्हाचा मांडलेला, पण कावळा काही शिवत नव्हता. पिंडापाशी तिचा मुलगा बादल, खडी-क्रशरवाला मामा, वीटभट्टीवाला काका आणि विधी सांगणारे महाराज उभे होते.

मामा म्हणाला, "बादल, तुह्या मायची काहीतरी इच्छा राह्यली. डॉक्टर काय म्हने?"

"फुफ्फुस गेलं म्हने, मामा. तुमच्या क्रशरची धूळ अन् काकाच्या भट्टीचा धूर, दोन्ही मिळून."

"मिळून ना? मंग एकट्या क्रशरनं नाही मेली. बोला पाव्हने, भट्टी बंद करतो म्हना, कावळा येते."

"मी कायले बोलू? माही भट्टी चार महिन्यांपुरती. बादलनं वावरात सोयाबीनचं कुटार पेटवलं, ते?"

"एकच दिवस पेटवलं, काका!"

"मंग जोड हात. सांग मायले, पुन्हा नाही पेटवत."

"अन् हरभरा कुठं पेरू?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वर धूर होता. हात कोणीच जोडले नाहीत.

"महाराज, आता कसं?"

"दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात सोय आहे."

"चालते तो?"

"चालते. त्याले काही कबूल करा लागत नाही."