सगळ्या पेट्यांत राणी

इंद्रायणी : आपल्या फोनच्या मशीनवर बीप वाजायच्या आधी एक बारीकशी शांतता असते, अप्पा. एक श्वास मावेल एवढीच. लोकांना वाटतं, बाई बोलायची थांबली, आता आपली पाळी. म्हणून ते त्या शांततेतच बोलायला लागतात, आणि पहिला शब्द मशीनमध्ये येतच नाही.

गेणभाऊ : म्हंजी रामराम जातो.

इंद्रायणी : रामरामच जातो. सगळे निरोप मधूनच सुरू होतात. 'भाऊ, डाळिंबाला कळी लागली.' 'भाऊ, पेट्या कधी उतरवताय?'

गेणभाऊ : आन मी म्हणत व्हतो, लोकांना माज आला. साधा रामराम घालंनात.

साळुबाई : मशीनला कोण रामराम घालतंय?

गेणभाऊ : तुझा भाऊ घालतो. ती आतली बाई 'एक दाबा' म्हणली, तर हा तिला म्हणतो, दाबतो गं माये, जरा दम धर. मग इचारतो, जेवलीस का.

साळुबाई : इचारलं तर काय बिघडलं? आवाज तर आपल्या इंद्रीचाच हाय ना. मामानं भाचीला इचारू नये?

इंद्रायणी : आई, तोच तर घोळ आहे. फोन केला की लोक मलाच शोधतात आणि मग म्हणतात, मधपेट्यांचा धंदा गेणभाऊंचा, गेणभाऊ कुठायत? म्हणून आज सगळं नव्यानं भरायचं. अप्पांच्या आवाजात. बसा इथं. मी बोट वर केलं की बोलायचं.

गेणभाऊ : रामराम पावणं! खोडदवरनं गेणभाऊ बोलतोय! डाळिंबात नायतर कांद्याच्या बियाण्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या असतील, तर एक दाबा!

इंद्रायणी : छान. पण एवढ्या मोठ्यानं नको. फोन कानाला लावलेला असतो त्यांनी.

साळुबाई : ते वरडत न्हाईत गं. त्यांना तेवढंच ऐकू येतं.

गेणभाऊ : तू तुझं निवडणं निवड.

साळुबाई : निवडतेच हाय. काल म्हणलं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, मी दळण घेऊन येते. आले तर डाळीचा कोळसा, आन हे शेजारी बसून पेपर वाचत्यात. म्हणत्यात, एक पण झाली न्हाई.

गेणभाऊ : शिट्टी बिघडली असंल.

साळुबाई : कोपऱ्यावरची वैजयंती पळत आली शिट्टीनं!

गेणभाऊ : इंद्रे, पुढचं घे. दोन नंबर.

इंद्रायणी : दोन नंबर राहू द्या जरा.

गेणभाऊ : का? तेच तर खरं बटण हाय. जुनं काय व्हतं, लाव बघू.

मशीन : पेटीचा आवाज ऐकवायचा असेल, तर दोन दाबा. पेटीवर टिचकी मारा आणि फोन पेटीला लावून ठेवा. गेणभाऊ ऐकतील.

गेणभाऊ : हेच भरायचं. फक्त 'गेणभाऊ ऐकतील' नगं. 'मी ऐकतो' म्हणतो.

इंद्रायणी : अप्पा, टिचकी मारल्यावर काय ऐकायचं असतं?

गेणभाऊ : आता हे तू मला इचारती? सातवीत व्हतीस तवा तुला पेटीपाशी बसवून शिकवलंय.

इंद्रायणी : तरी सांगा. तुमच्या तोंडून ऐकावंसं वाटतं.

गेणभाऊ : टिचकी मारली की माश्या दचकत्यात. राणी आत असंल तर 'श्श' करत्यात आन लगीच गप. घरात म्हातारं माणूस असलं की पोरं कशी दंगा करून गप हुत्यात, तशी. आन राणी गेली असंल तर गप हुतच न्हाईत. बारीक सूर धरत्यात. लांबवर कुणी कन्हत असावं तसा. वर जातो, खाली येतो, थांबत न्हाई. एकदा ऐकला की इसरत न्हाई माणूस.

इंद्रायणी : मग हा निरोप ऐका. सकाळी आलाय. डोंगरातला कुशाबा.

गेणभाऊ : ज्याला आपण सातेरी माश्यांची पेटी दिली तो? भातखाचरं हायेत त्याची, वर हिरड्याखाली घर. लाव, लाव.

(इंद्रायणी स्पीकर सुरू करते. साळुबाईच्या हातातलं सूप थांबतं.)

कुशाबा : ...राम, भाऊ. कुशाबा बोलतोय. घरापाशी रेंज न्हाई तुमाला म्हाईतच हाय. मंग पहाटं माश्या आत हुत्या तवाच दाराला जाळी लावली, पेटी डोक्यावर घेतली आन वरच्या टेकाडाच्या टेपावर आलो. हितं येती रेंज. तुमी मागल्या टायमाला म्हणला, राणी हाय, पेटी उघडू नगंस. न्हाई उघडली. पण भाऊ, पायाला फुलाचं पिवळं लावून येईनात माश्या. नुसत्या दारात फिरत्यात. म्हणलं एकदा परत ऐकवावं. ही बघा मारली टिचकी... धरतो आता फोन. तुमी ऐका निवांत. मी लांब हुतो, माझ्या श्वासाचा आवाज नगं तुमाला.

गेणभाऊ : वारं हाय टेपावर.

इंद्रायणी : हो.

गेणभाऊ : उजाडतंय बघ. भारद्वाज बोलतोय खालच्या अंगाला. गायी सोडल्या कुणीतरी, घाटी वाजती लाकडाची. लई गार वाटत असंल तिथं आत्ता. धुकं असंल. पेटी दगडावर ठेवली असंल त्यानं, आन सोता दूर जाऊन हुबा, हात बांधून. आन पेटी कशी, एकदम शांत. हाय राणी. बसलीय निवांत.

साळुबाई : कोण रडतंय गं त्यात?

गेणभाऊ : कुठं कोण रडतंय?

साळुबाई : त्या फोनात. मघाधरनं. बारीक, एकसारखं. बाईमाणूस वाटतंय. कुशाबाच्या घरी सगळं बरं हाय ना?

गेणभाऊ : कोण रडत न्हाई. तू काय पण बोलती.

साळुबाई : अवो, अजून चाललंय.

गेणभाऊ : इंद्रे?

इंद्रायणी : चाललंय, अप्पा.

गेणभाऊ : परत लाव. कानाला दे माझ्या.

इंद्रायणी : घ्या.

गेणभाऊ : ...टिचकी आली. वारं आलं. भारद्वाज आला. मोठा कर.

इंद्रायणी : यापेक्षा मोठा होत नाही.

गेणभाऊ : ह्या कानाला लावून बघतो.

साळुबाई : असू द्या आता.

गेणभाऊ : कवापास्नं म्हाईत हाय तुला, इंद्रे?

इंद्रायणी : दिवाळीपासून. निरोप सगळे साठून राहतात ना मशीनमध्ये. एका दुपारी सहज ऐकत बसले होते आणि लक्षात आलं, तुम्ही कितीतरी दिवसांत कुणालाच 'राणी गेली' म्हणून सांगितलं नाही. एकालाही नाही. असं वर्ष नसतं, अप्पा. काही पेट्यांतल्या राण्या जातातच.

गेणभाऊ : मला वाटलं, साल बरं चाललंय.

इंद्रायणी : त्या दोन्ही आवाजांतला बारीक भाग तुम्हाला येत नाही. मग टिचकीनंतर तुम्हाला काय उरतं, तर शांतता. राणी असली तरी शांतता आणि गेली तरी शांतता.

गेणभाऊ : म्हणून सगळीकडं राणी.

इंद्रायणी : हो.

गेणभाऊ : मग बाकीच्यांच्या पेट्या? त्या मेल्या?

इंद्रायणी : नाही. तुम्ही फोन ठेवलात की मी मागून करायचे. सांगायचे, अप्पांनी पुन्हा नीट ऐकलं, जरा शंका आहे, अंड्यांची फ्रेम पाठवलीये, ती पेटीत ठेवा, माश्या नवीन राणी करतील. आणे गावच्या तेजस्विनीताईंना मी स्वतः नेऊन दिली. त्या म्हणाल्या, भाऊंचा कान म्हणजे कान.

गेणभाऊ : आन कुशाबा?

इंद्रायणी : कुशाबाला फोन लागत नाही. तो टेपावर आला तरच. त्या दिवशी तुम्ही बोललात, तो खाली उतरला, आणि मी नंतर रोज लावत राहिले. आठवडा गेला त्यात.

गेणभाऊ : आन तो माझ्या शब्दावर पेटी बंद ठेवून बसला.

साळुबाई : इंद्रे, एवढं सगळं करत बसलीस, त्यापरीस त्यांनाच बोलायचंस.

इंद्रायणी : दर वेळी ठरवायचे, आई. आज सांगायचं. मग अप्पा फोन ठेवायचे आणि त्यांचा चेहरा असा खुललेला असायचा की... मी चहा ठेवायला निघून जायचे.

साळुबाई : मला वाटायचं, पोरीला चहाचं याड लागलंय.

गेणभाऊ : सांगू का तुमाला? लई बरं चाललं व्हतं माझं. फोन कानाला लावायचो, टिचकी यायची, आन मग ती शांतता. मऊ. कापसात हात घातल्यावानी. वाटायचं, ह्या वर्साला काय झालंय डोंगराला, पठाराला? जिथं बघावं तिथं राणी नांदती. अंथरुणावर पडलो की एकेक पेटी दिसायची. आण्याच्या पठारावरची, डाळिंबातली, हिरड्याखालची. सगळ्या भरलेल्या, सगळ्या गप. त्या पेट्यांतनं फिरत फिरतच झोप लागायची मला.

इंद्रायणी : अप्पा...

गेणभाऊ : आन खरं तर कुकरच्या येळीच कळलं व्हतं. वैजयंती दारात हुबी, तोंड हलतंय तिचं, हात करती सयपाकघराकडं. आन माझ्या कानात तीच शांतता. पेटीतली. मी वळकली तिला. पण बोललो न्हाई.

साळुबाई : शिट्टी बिघडली म्हणलात.

गेणभाऊ : म्हणलो.

इंद्रायणी : जुन्नरच्या डॉक्टरांना मी विचारलंय. कानात मशीन बसवता येईल. माणसांचं बोलणं चांगलं ऐकू येईल म्हणाले. फोनवरच्या पेटीचं मात्र सांगता येत नाही.

गेणभाऊ : माणसांचं येऊ दे की. तुझ्या आईचं थोडं कमी आलं तरी चालंल.

साळुबाई : म्हणजे मशीन माझ्यासाठीच घ्यायचं झालं.

गेणभाऊ : कुशाबा परत कवा येणार टेपावर?

इंद्रायणी : निरोपाच्या शेवटी म्हणालाय, गुरं वळायला येतो तेव्हा थांबतो फोनची वाट बघत. आत्ता आला असेल.

गेणभाऊ : लाव.

इंद्रायणी : मी बोलू?

गेणभाऊ : न्हाई. लाव आन माझ्याकडं दे.

कुशाबा : रामराम भाऊ! ऐकलीत का पेटी?

गेणभाऊ : रामराम. कुशाबा, तुझी राणी गेलीय.

कुशाबा : गेली? मंग मागल्या टायमाला?

गेणभाऊ : मागल्या टायमाला पण न्हवती. माझं चुकलं.

कुशाबा : ...आसं कसं हुईल भाऊ. वारं लई हुतं तवा.

गेणभाऊ : वाऱ्याचं काय न्हाई रं. माझ्या कानाचं हाय. माश्या जीव धरून हायेत ना अजून?

कुशाबा : हायेत की. कमी झाल्यात, पण हायेत.

गेणभाऊ : मग उद्या आमी येतो. अंड्यांची फ्रेम घेऊन येतो. इंद्रायणी ठेवंल ती आत. तू पेटी तिथंच ठेव सावलीला, आता हलवू नगं.

कुशाबा : या की. भाकरीलाच या. वाट सरळ न्हाई, पण मी खाली येतो घ्यायला. आन भाऊ, मनाला लावून नगा घेऊ. म्या सोता पेटीपाशी झोपतो, मला तरी कुठं कळलं?

गेणभाऊ : बरं. ठेवतो.

साळुबाई : पाणी देऊ?

गेणभाऊ : नगं. ह्या समोरच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश बघ, इंद्रे. वळल्या. सकाळी तिकडं तोंड व्हतं.

इंद्रायणी : आभाळातलं दुसरं काहीतरी ऐकत असतील आता.

गेणभाऊ : त्यांचं बरंय. फिरवणारं दुसरं कुणीतरी हाय.

इंद्रायणी : रेकॉर्डिंग उद्या करू. आज राहू दे, अप्पा. एक नंबर झालाय तेवढा पुरे.

गेणभाऊ : उद्या डोंगरात जायचंय. उद्या कसं हुईल?

इंद्रायणी : परवा करू मग. काही घाई नाही.

गेणभाऊ : दिवाळीपास्नं तू चहा ठेवती. आता किती ठेवशील? दाब ते बटण.

इंद्रायणी : काय म्हणायचं ते लिहून देऊ?

गेणभाऊ : लिहायचं काय त्यात. बोट वर कर.

इंद्रायणी : करते.

गेणभाऊ : पेटीचा आवाज ऐकवायचा असंल, तर दोन दाबा. टिचकी मारा, आन फोन पेटीला लावून ठेवा. माझी लेक इंद्रायणी ऐकंल. मी आता पेट्या ऐकत न्हाई.