चार मिनिटांची सायकल

महागड्या मशीनवर चार मिनिटांच्या व्यायामाचा फायदा होतो का, हे मला विचारू नका राव. आमच्या चाकणच्या कंपनीत काय झालं ते ऐका.

साहेबांनी कॅन्टीनशेजारी व्यायामाची परदेशी सायकल बसवली. शिकवायला ट्रेनर मॅडम आल्या. म्हणाल्या, "रोज फक्त चार मिनिटं! पण जीव तोडून मारायची, तरच फायदा." आणि त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं.

तिथंच सगळं बिनसलं. स्टॉपवॉच दिसलं की आम्हा प्रॉडक्शन लाइनवाल्यांचे हातपाय आपोआप ढिले पडतात. पहिला मी बसलो आणि गावच्या जत्रेला निघाल्यासारखी निवांत सायकल मारली. माझ्यामागून अख्ख्या शिफ्टनं तेच केलं. मॅडम वैतागल्या. "अहो, तुमच्यात दमच नाही का?"

तेव्हा सायकलवर आमचे तात्या होते. चाकणजवळच्याच गावचे, वीस वर्षं याच लाइनवर काढलेले. मॅडमच्या मागं साहेब उभे आहेत हे दिसत असूनही तात्यांनी पाय थांबवले.

"दम लई हाय, म्याडम. पर एकदा हौसेनं सायबांच्या असल्याच घड्याळासमोर चाळीस सेकंदात पार्ट काढला, तवापास्नं रोज चाळीसच मागत्यात. आता चार मिन्टं जीव तोडून दावला, तर ह्ये सायेब उद्या आठ तास तसाच मागतील. आदी त्ये घड्याळ पर्समदी टाका, मंग बगा दम!"